हांक एलीची कीं देवाची?

(वचन: १ शमुवेल, अध्याय ३ व ४)



शिलो येथील मंदिरांत एका रात्रीं घडलेली गोष्ट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. रविवारच्या शाळेंत ती मुलांस सांगितली जाते, आणि त्यामुळें ती मुलांचीच गोष्ट आहे असें मोठ्या माणसांस वाटूं लागतें. परंतु ज्यांच्यावर मंडळीचा भार आहे, जे गांवोगांव उपासना चालवितात, आजाऱ्याच्या उशाशीं बसतात, लग्नकार्यांत व मर्तिकांत धांवून जातात, अशा उपदेशकांस व मंडळीच्या वडिलांस तींत जितका बोध आहे तितका मुलांस नाहीं. म्हणून आज ती आपण पुनः उघडूं.

शमुवेल निजला होता. त्याला कोणी नांवानें हांक मारिली. तो उठून धांवत एलीकडे गेला. एली म्हणाला कीं मीं हांक मारिली नाहीं, परत जाऊन नीज. असें एकदां नव्हे, तीनदां झालें. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. शमुवेलाला ऐकूं आलें नाहीं असें नाहीं. नांव बरोबर ऐकूं आलें. उठण्यांत त्यानें आळसही केला नाहीं. कमी होतें तें एवढेंच कीं ही हांक कोणाची हें त्याला ओळखतां आलें नाहीं. ज्यानें लहानाचें मोठें केलें, ज्याच्या शब्दावर दिवसाचें सारें काम चालतें, त्याचाच हा आवाज असणार असें तो धरून चालला. शास्त्र त्याला दोष देत नाहीं. त्याला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती, इतकेंच तें सांगतें.

आपल्यापैकीं पुष्कळांचें असेंच झालें आहे. कोणी सेवेंत आला तो साहेबांनीं नेमिलें म्हणून. कोणी बाप उपदेशक होता म्हणून. कोणी शाळेंत मास्तरची जागा रिकामी होती म्हणून. कोणाच्या आईनें दुखण्यांत नवस केल्यासारखें मूल देवाला वाहिलें म्हणून. ह्यांपैकीं एकही कारण वाईट नाहीं. हन्नेनेंही आपलें मूल असेंच वाहिलें होतें, आणि शमुवेलाला वाढविण्यास देवानें एलीचेंच घर योजिलें. परंतु ज्यानें जन्मभर एलीचाच आवाज ऐकिला, त्याच्यावर एके दिवशीं मोठें संकट येतें. पुढच्याच अध्यायांत एली आसनावरून पडतो आणि मरतो. त्या दिवशीं ज्यानें दुसरा आवाज ऐकिलेला नाहीं त्यानें कोणाकडे धांवावें?

ही गोष्ट जशी शिलोची तशी ती आपल्या नाशिकचीही आहे. चर्च मिशनरी सोसायटीचें काम नाशकांत १८३२ सालीं सुरू झालें. पुढें १८५४ च्या सुमारास रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस ह्यांनीं शहराच्या पश्चिमेस सुमारें मैलभर अंतरावर एक ख्रिस्ती गांव वसविलें. त्याचें नांव शरणपूर. ज्याला कोठें थारा नाहीं त्याला तेथें आसरा मिळावा असा त्या नांवाचा भाव. आज तें गांव शहरांत मिसळून गेलें आहे, आणि शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांपैकीं फार थोडे त्या नांवाचा विचार करीत असतील.

तेथें आपल्या देशाचीं अनाथ मुलें होतीं, नवीन ख्रिस्ती कुटुंबें होतीं, आणि १८६० च्या सुमारापासून आफ्रिकेचीं मुलेंही होतीं. गुलामांच्या गलबतांतून विकावयास नेलीं जात असतां इंग्रज आरमारानें सोडविलेलीं तीं मुलें मुंबईस उतरविलीं जात. घरापासून तुटलेलीं, भाषा परकी, अंगावर धड वस्त्र नाहीं, अशीं तीं होतीं. शरणपुरांत त्यांस शास्त्र शिकविलें, अक्षरओळख दिली, आणि त्याबरोबर सुतारकाम व लोहारकामही शिकविलें. पुढें हे लोक पूर्व आफ्रिकेस परत गेले, तेव्हां नाशिकचे म्हणूनच ते ओळखले जाऊं लागले.

त्यांपैकीं जेकब वेनराइट नांवाचा एक तरुण, डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मदतीस १८७२ सालीं पाठविलेल्या टोळींत होता. मे १८७३ च्या आरंभीं आज ज्याला झांबिया म्हणतात त्या देशांत, चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन ह्यांचें देहावसान झालें. साहेब गेला. समुद्र शेंकडो मैल दूर. पगार देणारा नाहीं, हुकूम करणारा नाहीं, जाब विचारणाराही नाहीं. सुसी आणि चुमा ह्या जुन्या सोबत्यांनीं पुढारपण घेतलें. लिव्हिंग्स्टन ह्यांचें हृदय त्यांनीं एका झाडाखालीं पुरलें; जेकबनें दफनाची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या सालीवर नांव व तारीख कोरली. मग देह वाळवून, गुंडाळून, त्यांनीं किनाऱ्याची वाट धरिली. वाटेंत कॅमेरॉन नांवाचा एक इंग्रज अंमलदार भेटला. पुढची वाट धोक्याची आहे, देह येथेंच पुरावा, असें त्यानें सुचविलें. सल्ला वेड्याचा नव्हता. परंतु त्या माणसांनीं तो मानिला नाहीं. सुमारें नऊ महिने चालून फेब्रुवारी १८७४ मध्यें ते बागामोयो बंदरीं पोहोंचले. आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेंत लिव्हिंग्स्टन ह्यांचें दफन झालें, तेव्हां शवपेटीची झालर धरणाऱ्यांत शरणपुरास शिकलेला जेकब उभा होता.

बंधूंनो, येथें विचार करा. साहेबाचा आवाज बंद झाल्यावर ह्यांचें काम बंद पडलें नाहीं. दुसऱ्या साहेबाचा आवाज आला, तो त्यांनीं ऐकून घेतला, आणि तरी आपली वाट सोडली नाहीं. उद्धटपणा निराळा आणि ही गोष्ट निराळी. उद्धट माणूस सल्ला ऐकतच नाहीं. आपण कोणाचें ओझें वाहत आहों हें ज्याला ठाऊक आहे तो सल्ला ऐकतो, तोलतो, आणि मग ओझें पुनः खांद्यावर घेतो.

आतां दुसरा पुरुष पाहा. त्याचें नांव विल्यम जोन्स. हाही गुलामगिरींतून सुटलेला, आणि धंद्यानें लोहार. १८६४ सालीं त्याला इश्माएल सेमलर व जॉर्ज डेव्हिड ह्या सोबत्यांबरोबर मोंबासाजवळील राबई येथें, योहान्नेस रेबमन ह्या जुन्या मिशनऱ्याच्या मदतीस धाडिलें. रेबमन ह्यांची दृष्टी पुढें एलीसारखी मंदावत जाऊन अगदीं गेली. पाठविल्यापासून एकवीस वर्षांनीं, १८८५ सालीं, बिशप जेम्स हॅनिंग्टन ह्यांनीं जोन्स व सेमलर ह्यांस डीकन ह्या पदाची दीक्षा दिली. एकवीस वर्षें! आपल्यांत दोन वर्षें सेवा झाली आणि पद मिळालें नाहीं तर मन खट्टू होतें.

त्याच वर्षीं जुलै महिन्यांत हॅनिंग्टन सुमारें दोनशें हमालांचा तांडा घेऊन युगांडाकडे निघाले. जोन्स बरोबर होता. ऑक्टोबरांत बिशपांनीं तांड्याचा मोठा भाग जोन्सच्या स्वाधीन करून त्याला मागें ठेविलें, आणि आपण सुमारें पन्नास माणसांसह पुढें गेले. युगांडाचा राजा म्वांगा ह्याच्या मनांत पूर्वेकडून येणाऱ्या परक्यांविषयीं भीति होती. २९ ऑक्टोबर १८८५ रोजीं हॅनिंग्टन मारले गेले आणि त्यांच्याबरोबरचे बहुतेक लोकही मारले गेले. थोडे जण कसेबसे जीव वाचवून जोन्सकडे आले व त्यांनीं ही बातमी सांगितली.

त्या दिवशीं ह्या लोहाराच्या मनाची स्थिति काय झाली असेल? दीक्षा होऊन सहा महिनेही झाले नव्हते. बातमी खरी कीं खोटी? थांबावें तर अन्न संपतें. निघावें तर बिशप जिवंत असून मागाहून आले तर काय? त्यानें कांहीं आठवडे वाट पाहिली. मग त्यानें तांडा फिरविला आणि फेब्रुवारी १८८६ मध्यें ती माणसें राबईस परत आणिलीं. तांड्याच्या पुढें एक निळें निशाण होतें आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता: ईखाबोद.

हा शब्द आपल्या आजच्या वचनांतला आहे. देवाचा कोश शत्रूंनीं नेला, एली मेला, त्याचे मुलगे पडले, तेव्हां त्याच्या सुनेनें मरतां मरतां आपल्या नवजात बाळाला हें नांव दिलें. वैभव गेलें असा त्याचा अर्थ. जोन्सनें तें नांव निशाणावर लिहिलें, आणि त्या दिवशीं त्याहून खरा शब्द त्याला सांपडला नसता. शोक खोटा करूं नये. पुढारी गेला असतां मंडळीनें रडावें हेंच योग्य आहे.

परंतु, प्रियजनहो, चौथ्या अध्यायाच्या आधीं तिसरा अध्याय आहे! ईखाबोद हें नांव ठेविलें गेलें त्याच्या आधींच त्या मंदिरांत एका मुलाला हांक आली होती आणि तो उठला होता. वैभव गेलें असें त्या दुःखी बाईनें म्हटलें, तेव्हां शमुवेल इस्राएलांत जिवंत होता. तिला तें दिसलें नाहीं; मरणाच्या अंधारांत कोणाला दिसतें? तसेंच येथेंही झालें. निशाणावर ईखाबोद लिहिलें होतें, पण तें निशाण घेऊन तांडा परत आणणारा मनुष्य कोण होता? एके काळीं विकलेलें मूल, शरणपूरच्या शिकवणींत वाढलेलें, आतां पाळक झालेलें. वैभव सगळेंच गेलें नव्हतें. तें त्या निशाणाखालून चालत येत होतें. युगांडाच्या मंडळीवर त्यानंतरही मोठा छळ झाला, आणि आज ती आफ्रिकेंतील मोठ्या मंडळ्यांपैकीं एक आहे.

आपल्या गांवांतून हा शब्द निराळ्या रूपानें ऐकूं येतो. साहेब होते तेव्हांचे दिवस गेले. बंगला ओस पडला. शाळा बंद झाली. आतां पगार पुरत नाहीं. मुलगे सेवेंत यावयास तयार नाहींत. नाशिक हा १९२९ सालीं निराळा बिशपप्रांत झाला, १९७० सालीं चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत आला, आणि परदेशी मिशनऱ्यांचा काळ मागें पडला. कित्येक ठिकाणीं मात्र लोक अजून जुन्या आवाजाची वाट पाहत बसले आहेत. ह्यांतलें दुःख खरें आहे, आणि पुष्कळ उपदेशकांच्या घरीं तें रोज चुलीपाशीं बसतें. मंडळीनें आपल्या सेवकाच्या पोटाची काळजी घेतली पाहिजे, हें मीं येथें न सांगितलें तर हा उपदेश अर्धा राहील. पण ईखाबोद म्हणण्यापूर्वीं आपल्या मंडळींत रात्रीं कोणाला हांक येत आहे काय, हें आपण पाहिलें आहे काय?

आतां ज्ञानाविषयीं. पुढारी होण्यास ज्ञान पाहिजे हें सर्व म्हणतात. परंतु पुष्कळांस वाटतें कीं ज्ञान म्हणजे पुष्कळ वाचणें आणि भरभरून बोलणें. गिबोन येथें शलमोनाला देवानें विचारिलें तेव्हां त्यानें काय मागितलें? मूळ इब्री भाषेंत पाहिलें तर त्यानें ऐकणारें अंतःकरण मागितलें असा अर्थ होतो. राजाच्या तोंडाला बोलावयाचें असतें, पण ह्यानें मागितला कान. आणि तें ज्ञान प्रथम कोठें दिसलें? दरबारी पंडितांत नव्हे, तर एका बाळावरून भांडणाऱ्या दोन अभागी बायांच्या तंट्यांत. तुमच्या गांवांत बांधावरून, पाण्यावरून, सुनेच्या छळावरून जे तंटे येतात, तीच तुमची गिबोन येथील परीक्षा आहे. दोन्ही बाजू पूर्ण ऐकेपर्यंत जो बोलत नाहीं, त्याला ज्ञान मिळूं लागलें आहे असें समजावें.

दुसरें, हें ज्ञान हातांशीं वैर करीत नाहीं. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायांत देव बसालेलाविषयीं सांगतो कीं त्याला आपण आपल्या आत्म्यानें व ज्ञानानें भरिलें आहे. तो धातु घडणारा, लांकूड कोरणारा कारागीर होता. मग ज्या हातांनीं भाता ओढला, ऐरणीवर घण मारिला, ते हात पाळकाच्या कामास हलके कसे? लोहाराला दोन गोष्टी कळतात: लोखंड लाल होण्यापूर्वीं मारूं नये, आणि लाल झाल्यावर थांबूं नये. वाट पाहण्याचे आठवडे आणि निघण्याचा दिवस जोन्सला ओळखतां आला. शेतांत राबणाऱ्या, विहीर बांधणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या भावांनीं, आम्ही काय शिकलों, असें म्हणून मागें बसूं नये. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायांत आश्वासन आहे कीं ज्याला ज्ञान उणें आहे त्यानें देवाजवळ मागावें. आणि देव मागणाऱ्याला टोमणे न मारितां देतो. माणसें शिकवितांना टोमणे मारितात. देव मारीत नाहीं.

मग ही हांक देवाची कीं एलीची, हें ओळखावें कसें? शमुवेलाच्या त्या रात्रीवरून मी तीन खुणा सांगतों.

पहिली खूण. देवाची हांक माणसाला रोजच्या कामांतून उठवून उंच आसनावर बसवीत नाहीं. एवढें दर्शन झाल्यावर शमुवेलानें सकाळीं काय केलें? त्यानें परमेश्वराच्या घराचीं दारें उघडलीं. तें त्याचें रोजचें काम होतें. हांक आल्यावर ज्याला झाडलोट करणें व दिव्यांत तेल घालणें हलकें वाटूं लागतें, त्यानें आपली हांक पुनः तपासावी.

दुसरी खूण. देवाची हांक गोड बोलण्यापुरती नसते. शमुवेलाला मिळालेलें पहिलें वचन ज्यानें त्याला वाढविलें त्या एलीच्याच घराविरुद्ध होतें. तो भ्याला, पण त्यानें कांहीं लपविलें नाहीं. आणि सांगितलें तें सर्वांसमोर नव्हे, एलीला एकट्याला. जोन्सच्या चरित्रांतही ही खूण दिसते. राबईच्या मंडळीचा कारभार त्याच्याकडे असतां मालकांपासून पळालेले गुलाम तेथें आश्रयास येत. त्यांस ठेवूं नये असें वरिष्ठांचें धोरण होतें, कारण मालकांशीं व सरकाराशीं तंटा होण्याचें भय होतें. परंतु जो स्वतः विकला गेला होता तो पळून आलेल्याला दारांतून परत कसा लावील? अखेर मालकांस मोबदला देण्याचें ठरलें, आणि १ जानेवारी १८८९ रोजीं राबई येथें अशा शेंकडो लोकांस मुक्ततेचीं पत्रें मिळालीं. नाशकांत एक शरणपूर होतें. तेथें शिकलेल्यानें समुद्रापलीकडे दुसरें उभें केलें.

तिसरी खूण. देवाची हांक एकट्याच्या कानांत येते, पण तिची साक्ष मंडळी देते. दानापासून बैरशेब्यापर्यंत सर्व इस्राएलांनीं शमुवेलाला ओळखिलें. जो म्हणतो कीं मला हांक आहे आणि मंडळीशीं मला कर्तव्य नाहीं, त्याच्यापासून सावध असावें. तसेंच मंडळीनेंही जपावें कीं जात, नातें किंवा पैसा पाहून तिनें साक्ष देऊं नये.

शेवटीं वडील मंडळींस दोन शब्द. एलीचे दोष शास्त्र झांकीत नाहीं. परंतु त्या रात्रीं त्यानें एक थोर काम केलें. मुलगा तिसऱ्यांदा धांवत आला तेव्हां वृद्धाला समजलें कीं ही हांक आपली नाहीं. आणि त्यानें त्याला आपल्यापासून देवाकडे परत पाठविलें, काय उत्तर द्यावें हेंही शिकविलें. आपल्या हाताखालचा तरुण आपल्यालाच विचारीत राहावा, आपल्याच पायांशीं बसावा, असें आपणांस वाटतें. त्यांत मान असतो. परंतु ज्या पुढाऱ्यानें आपल्या मागें देवाचा आवाज ओळखणारा एकही मनुष्य तयार केला नाहीं, त्याच्या मरणाच्या दिवशीं ईखाबोद हें नांव खरोखरच खरें ठरतें. तुमच्या मंडळींत कोण तरुण, कोण विधवा, कोण मजूर बाई शास्त्र ऐकतांना डोळे वर करिते, हें पाहा. तिला किंवा त्याला ह्याच महिन्यांत एखादें काम सोंपवा. प्रार्थना चालवूं द्या. आजाऱ्याकडे एकट्यानें जाऊं द्या. तुम्ही मागें बसा.

आणि तरुणांनो, रात्रीं आवाज आला तर झोप लागली म्हणून पडून राहूं नका, आणि केवळ साहेबाकडे किंवा पाळकाकडे धांवूनही थांबूं नका. अंथरुणावर परत जा, शांत व्हा, आणि मी ऐकत आहें असें देवाला सांगा. सकाळीं उठून दारें उघडा.

ज्यानें शिलोच्या मंदिरांत मुलाला नांवानें हांक मारिली, आणि शरणपूरच्या अनाथांस नांव दिलें, तो परमेश्वर आपल्या प्रत्येक मंडळींत ऐकणारीं अंतःकरणें निर्माण करो. आमेन.